मेंदी आणि पिल्लू

(कासाब्लांकाच्या दक्षिणेला, दुकाला प्रांताच्या माळावरचं एक शेतघर. दुपार कलली आहे. तामू दाराच्या उंबऱ्याशी चटईवर बसली आहे, अंगावर नवरा गेल्यापासूनचे पांढरे कपडे. नणंद इज्जा केरसुणी घेऊन फिरते आहे. इकडे पुरुषाला मानानं ‘सी’ म्हणतात, बाईला ‘लल्ला’.)

इज्जा: ऊठ जरा, वहिनी. चटई झटकायची आहे.

तामू: सकाळी झटकलीस.

इज्जा: सकाळी कोपरा झाडला. मआती म्हणजे काही तुझा-माझा भाऊ नव्हे, बघून न बघितल्यासारखं करायला. तो घर डोळ्यांनी हुंगतो.

तामू: हुंगू दे.

इज्जा: हे काय उत्तर झालं? एवढ्या लांबून माणूस मोपेडवर पिल्लू घेऊन येतोय. माझ्या भावाला वसंतात शब्द दिला होता म्हणून. भाऊ मातीत गेला तरी येतोय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ज्याला शब्द दिला तोच नाही, मग आता कसलं पिल्लू.

तामू: तसं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

इज्जा: तोंडाला येईल ते बोलतेस.

तामू: तोंडाला काही येतच नाही. तू विचारतेस म्हणून बोलते.

इज्जा: बरं, मग हे सांग. गोठ्यात साखळी कुणी अडकवली? खिळा नवा दिसतोय.

तामू: मी.

इज्जा: गाढव तर विकलं.

तामू: गाढव विकलं. साखळी उरली होती.

इज्जा: सलूगीला, सशामागे धावणाऱ्या शिकारी जातीला, साखळी? माझ्या भावाच्या, बूशाइबच्या घरात? अगं, बाबांच्या वेळेपासून या घरात सलूगी माणसांच्या खोलीत निजली आहे. मआतीनं ही साखळी बघितली तर अर्धा पेला चहा तसाच ठेवून उठेल.

तामू: उठेल ना?

इज्जा: उठेल म्हणजे काय, पिल्लू घेऊन... थांब. थांब जरा. म्हणजे तू ती मुद्दाम लावलीस.

तामू: बस खाली. केरसुणी ठेव.

इज्जा: मी बसत नाही. तू बोल.

तामू: मआतीच्या घराण्याची रीत तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पिल्लू विकायचं नाही. देणाऱ्यानं स्वतः घेऊन यायचं, चहा प्यायचा, घर बघायचं. पसंत पडलं तर ठेवून जायचं. नाही पडलं तर चहा फार छान होता म्हणायचं आणि पिल्लू परत न्यायचं. कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. मग मी कशाला नाही म्हणू? तुझ्या भावानं तोंडानं मागितलेलं पिल्लू. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं ते दारातून परत पाठवलं, असं बाजारात कुणी बोलायला नको. घरच नाही म्हणेल. माझ्यावर काही येणार नाही.

इज्जा: आणि मग तू मोकळी. कासाब्लांकाला जायला.

तामू: माझा नूरुद्दीन नेणारच आहे. चार महिने दहा दिवसांचं हे पांढरं उतरलं की गाडी घेऊन येतो म्हणाला.

इज्जा: तुला जायचंय?

तामू: मला कुठेच जायचं नाही, आणि इथेही बसायचं नाही. तो नेतो म्हणाला, मी हो म्हटलं. चौथा मजला आहे. सूनबाईनं खिडकीकडची खोली रिकामी केली आहे. चांगली पोरगी आहे ती.

इज्जा: चांगली आहे. वरण्याची उसळ विकतच्या बंद डब्यातली खायला घालते.

तामू: खाऊन पोट भरतंच.

इज्जा: आणि हे घर?

तामू: कुलूप.

इज्जा: मी याच घरात जन्मले, वहिनी. माझा नवरा गेला, पोरी आपापल्या घरी गेल्या. या भिंतीपलीकडे मी एकटी राहते ती कशाच्या जोरावर? सकाळी तुझ्या पाट्याचा आवाज येतो म्हणून. कुलूप लागल्यावर मी कुणाशी भांडू, अंजिराच्या झाडाशी?

तामू: ते माझ्यापेक्षा जास्त उत्तरं देईल.

इज्जा: बघ. अजून बोलता येतं तुला. मग चार लोकांत बसून भिंतीकडे का बघतेस? बायका मला विचारतात. तामू रडली का? मी सांगते, रडली असेल, मी झोपले होते तेव्हा.

तामू: खरं सांग. नाही रडली म्हण.

इज्जा: एवढी वर्षं एका ताटात जेवलात तुम्ही दोघं.

तामू: तो जेवून आडवा झाला. मी चहा गाळत होते. हाक मारली, उठला नाही. चहा गाळून झाला होता, म्हणून मी माझा पेला प्यायले. मग तुला बोलावलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही म्हणून. तेव्हा जसं वाटत होतं तसंच आत्ता वाटतंय. चहा प्यायल्यासारखं.

इज्जा: अल्ला त्याच्यावर रहम करो.

तामू: करो. ती साखळी आहे तिथे राहू दे.

इज्जा: नाही राहू देणार. विहिरीत टाकीन. आणि ऐक, आज मी बोलतेच. तुला एकदा एका पिल्लानंच सांभाळलं होतं.

तामू: कुणी कुणाला सांभाळलं ते तुला काय ठाऊक? तू एवढीशी होतीस. नाक गळत असायचं.

इज्जा: नाक गळत होतं, डोळे उघडे होते. मी दाराआडून बघितलं होतं. आई तुझ्या मांडीवर काहीतरी ठेवत होती.

तामू: बघितलं होतंस?

इज्जा: कुणाला बोलले नाही. आईनं कान पिळला असता.

तामू: मी अजेमूरची. शहरात वाढलेली. आमच्याकडे कुत्र्यानं भांड्याला तोंड लावलं तर आई ते सात पाण्यांनी धुवायची, आणि आठव्यांदा शिव्यांनी. लग्न होऊन इथे आले तर खोलीत पलंगाशी एक लांब नाकाची बया पसरलेली. मी तुझ्या आईला म्हटलं, कुत्रं आत आलंय. ती म्हणाली, कुत्री बाहेर असतात, सूनबाई, ही सलूगी आहे. मला माझी पेटी ठेवायला कोपरा मिळाला नव्हता, आणि तिला लोकरीची सतरंजी. मी समजले, ही माझी सवत.

इज्जा: बर्ग. तिचं नाव बर्ग.

तामू: बर्ग. मग माझा पहिला मुलगा झाला आणि नाव ठेवायच्या आधीच गेला. दूध थांबेना. तुझ्या आईनं कापड घट्ट बांधलं, तरी थांबेना. त्याच आठवड्यात बर्गला विंचू चावला. ती गेली, दुधावाचून तिची पिल्लंही गेली, एक उरलं. तुझी आई आली, कापड सोडलं, ते पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर गेली. विचारलं नाही, सांगितलं नाही. दार मात्र ओढून घेतलं असं मला वाटलं होतं.

इज्जा: फट राहिली होती.

तामू: मला किळस यायला हवी होती. माझ्या आईनं बघितलं असतं तर तिनं मला सात पाण्यांनी धुतलं असतं. पण किळसही आली नाही. मी भिंतीकडे बघत बसले. ते प्यायलं. प्यायलं आणि झोपलं. मग परत भूक लागली त्याला.

इज्जा: सगळा गाव म्हणायचा, तामूची सलूगी ससा हवेत पकडते.

तामू: तेव्हाही मी रडले नव्हते. ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा रडले. पार आतडी पिळवटून रडले. तेव्हा नूरुद्दीन शाळेत जात होता. विहिरीवर बायका म्हणाल्या, बघा, पोटच्या पोरासाठी डोळा ओला झाला नाही, आणि जनावरासाठी छाती बडवते.

इज्जा: त्या मेल्या सगळ्या.

तामू: हो. आता समजलं तुला मी काय म्हणते? तेव्हा माझ्याजवळ दूध तरी होतं, इज्जा. नको असताना वाहत होतं. आता मी त्या पिल्लाला काय देऊ? ते माझ्या तोंडाकडे बघत बसेल. मी भिंतीकडे. जनावराला फसवू नये.

इज्जा: पेज तर देशील. जवाची.

तामू: पेज तूही देशील.

इज्जा: मोपेडचा आवाज येतोय. साखळी कुठे टाकू, लवकर सांग.

तामू: राहू दे.

इज्जा: डोक्याला पदर घे नीट. मी मध्ये बसते, म्हणजे कुणी म्हणायला नको की पांढऱ्यातली बाई परक्या माणसाशी एकटी बोलत होती.

मआती: अस्सलामु अलैकुम. घरात माणसं आहेत का?

इज्जा: वालैकुम अस्सलाम, सी मआती. आहेत, जेवढी उरली तेवढी. या. पिल्लू कुठे?

मआती: पाठीवर. जल्लाब्याच्या, झग्याला मागे जोडलेल्या टोपीत झोपलंय. हळू बोला, वाटभर ओरडून आत्ता कुठे निजलंय. लल्ला तामू, कशा आहात?

तामू: अल्लाची मर्जी. बसा. इज्जा, चहा ओत.

मआती: बूशाइब इथे बसायचा. या खांबाला टेकून. मी समोर. वसंतात इथेच मागितलं त्यानं. म्हणाला, मआती, गुडघे गेले, सशामागे आता जायचा नाही, पण दारात सलूगी नसली की घर भाड्यानं घेतल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, माझी सलूगी पोटुशी आहे, पहिली मादी तुझी. ही तीच मादी.

इज्जा: चहात पुदिना आमच्याच अंगणातला आहे.

मआती: छान आहे.

इज्जा: फार छान आहे असं नाही ना म्हणालात?

मआती: घाबरू नका, इज्जा. अजून अर्धाच प्यायलो आहे. घर बघू?

इज्जा: बघा ना. ही बघा चटई, ही सतरंजी, धुतलेली. हा वाडगा, नवा नाही, पण चिरलेला नाही. इथे रात्री वारा येत नाही. धान्याच्या खोलीत उंदरांचं औषध होतं, ते मी स्वतः झाडून जाळलं. बाकी काही अडचण नाही.

तामू: आहे.

इज्जा: वहिनी.

तामू: सी मआती, मी सांगते. तिनं जाळलं ते पुढचं. मोठ्या रांजणामागे आणखी आहे, तिला माहीत नाही. नूरुद्दीननं ठेवलं, घर बंद राहणार म्हणून. गुळासारखा वास येतो त्याला, पिल्लू आधी तिथेच जाईल. टाक्याचं झाकण एका बाजूनं फुटलंय. मांजर सहज पडेल एवढं भोक आहे, आणि आत पाणी खोल. अंजिराकडची भिंत ढासळली आहे. पलीकडे निवडुंग, आणि ऊन उतरलं की त्या दगडांखालून विंचू निघतात. दोन्ही दिवे लावले तरी तो कोपरा दिसत नाही. हे फाटक लागत नाही. बाजाराच्या दिवशी ट्रक समोरून भरधाव जातात, आमचं एकही कोंबडं राहिलं नाही. बूशाइब रोज संध्याकाळी फाटकाला दगड लावायचे. ते गेल्यापासून कुणी लावत नाही. शेजारच्या सालेमचं खेचर मोकळं सुटतं आणि मागून लाथ मारतं. कण्हेर आहे, तिकडे, पाण्याच्या वाटेवर. पानं कडू असतात, पण लहान जनावर चावून बघतं.

मआती: आणखी?

तामू: गोठ्यात साखळी आहे. ती मी अडकवली. तुम्ही बघावी म्हणून.

मआती: आत येताना बघितली.

इज्जा: हे बघा, मी ती काढतच होते, तेवढ्यात तुमची मोपेड...

मआती: चहा आणखी आहे का, इज्जा?

इज्जा: आहे. म्हणजे, पिणार तुम्ही?

मआती: पिणार. लल्ला तामू, माझ्या वडिलांबरोबर मी पोरवयापासून पिल्लं पोचवतो आहे. कुणी चटई दाखवतं, कुणी वाडगा. सेत्तातच्या एका शेठनं तर गादी शिवून घेतली होती, जावई यायचा असल्यासारखी. ते पिल्लू आठवडाभरात त्याच्या टाक्यात बुडालं. माझं पिल्लू कुठे कुठे मरेल ते आजवर मला कुणी दाखवलं नव्हतं.

तामू: तुम्ही परत न्यावं म्हणून दाखवलं.

मआती: ते कळलं मला. तरी ऐकून घेतलं.

इज्जा: मग पसंत आहे ना घर?

मआती: घर पसंत आहे. पण बाजारात ऐकलं की घराला कुलूप लागणार. कुलपाला मी सलूगी देत नाही.

इज्जा: बाजारात काय, लोक काहीही बोलतात.

तामू: खरं आहे ते, सी मआती. पांढरं उतरलं की मुलगा न्यायला येणार आहे.

मआती: चांगला मुलगा आहे. मयतीला त्यानं सगळ्यांचे हात हातात घेतले होते. मी त्याच्या मध्ये येत नाही. फक्त एक उरलं. ही पुडी.

इज्जा: मेंदी?

मआती: आमच्याकडे पिल्लू घरात घेताना घरच्या बाईनं त्याच्या चारी पायांना मेंदी लावायची. तळवे घट्ट होतात माळावर पळायला. आणि हात कुणाचा ते त्याला कळतं.

इज्जा: द्या इकडे. मी भिजवते, लिंबू आहे घरात.

मआती: तुम्ही शेजारच्या, इज्जा.

इज्जा: मी याच घरात जन्मले, माझी नाळ त्या अंजिराखाली आहे.

मआती: असेल. पण नांदलात भिंतीपलीकडे.

इज्जा: काय जीभ आहे हो तुमची. तुमच्या बायकोची कमाल आहे.

तामू: मी पांढऱ्यात आहे, सी मआती. मेंदीला हात लावता येत नाही मला. वास घेतला तरी बायका नावं ठेवतात.

मआती: ठाऊक आहे.

तामू: ठाऊक आहे, तर आणली कशाला?

मआती: आज लावायला नाही आणली. पांढरं उतरल्यावर लावा. पुडी राहिली तर पिल्लूही राहील. पुडी मी परत खिशात घातली तर पिल्लू टोपीत. दोन्हीत माझा रुसवा नाही. मात्र हे तुम्हीच सांगायचं. घरानं नाही.

इज्जा: पण पांढरं उतरायच्याच दिवशी नूरुद्दीन येणार आहे गाडी घेऊन.

मआती: तेही ऐकलं.

इज्जा: वहिनी, काहीतरी बोल.

तामू: काय बोलू? मला अमुक हवं असं काही वाटतच नाही. ते जागं झालंय बघा. टोपी हलते आहे.

मआती: काढतो. ये, बाई. ही बघा. रंग वाळूचा, तोंड काळं. आई अशीच.

इज्जा: बिस्मिल्ला. किती किडकिडीत आहे. फासळ्या मोजाव्यात.

तामू: सलूगी अशीच असते. तिला असं पोटाखाली हात घालून नका धरू, मागचे पाय लोंबतात. खाली बूड धरायचं. असं. हो.

मआती: मांडीवर घेता का?

तामू: नाही. खाली ठेवा.

मआती: ठेवली.

तामू: मेंदी मागच्या वर्षीची तर नाही ना?

मआती: यंदाची. माझ्या बायकोनं कुटली आहे.

तामू: दमट जागी रंग जातो तिचा. इज्जा, ती पुडी वरच्या फळीवर ठेव. साखरेच्या डब्यामागे.

इज्जा: वहिनी?

तामू: उभी काय राहिलीस? पुडी ठेव म्हटलं. आणि कोयता घेऊन जा, ती कण्हेर आधी मुळापासून काढ. हातमोजे घाल, चीक लागतो.

मआती: मी फाटकाचं बघतो. बिजागरी निसटली आहे, एवढंच.

तामू: चहा तर पुरा करा.

मआती: गार झाला. फार छान नव्हता.

इज्जा: आता जाताना तरी गोड बोला, माणसा. वहिनी, फोन वाजतोय तुझा. नूरुद्दीन असेल, कामावरून सुटला असेल. मी घेऊ का? मी सांगते त्याला नीट.

तामू: दे इकडे. तू नीट सांगशील आणि तो आजच गाडी काढेल.

इज्जा: घे.

तामू: हां, बोल बाळा. ... जेवले. ... इज्जा आहे, कोयता शोधते आहे. ... कुणाला मारायला नाही, झाड काढायला. ... आले होते मआती. आहेत अजून, फाटक ठोकताहेत, तोच आवाज. ... नाही, परत नाही नेत आहेत. ... कारण मी ठेवून घेतलं. ... तुझ्या बाबांसाठी नाही रे. बाबांनी मागितलं होतं, ठेवलं मी. ... चौथ्या मजल्यावर सलूगी कशी राहील? ... मी तेच तर म्हणते आहे. ... पांढरं उतरायच्या दिवशी ये ना, सगळे या, पोरांना आणा, जेवून जा. सामानाची गाडी मात्र नको, तुझी लहानीच आण. ... सूनबाईला सांग, तिनं खोली रिकामी केली, मला ठाऊक आहे, तिचं मन मोडायचं नाही मला. मी बोलेन तिच्याशी. ... नाही, रागावले नाही. ... एकटी कुठे, तुझी आत्या आहे, तिचं तोंड आहे. ... बरं? नाही, बरं असं काही वाटत नाही. काहीच वाटत नाही अजून. ... ठेवते आता. ती दाराशी जाऊन गोल गोल फिरते आहे, तिला अंगणात न्यायला हवं.